मिल वाचावा तिसऱ्या प्रकरणापासून

जॉन स्टुअर्ट मिल वाचायचा असेल, तर त्याचे ‘ऑन लिबर्टी’ घ्यावे, पहिली दोन प्रकरणे तूर्त बाजूला ठेवावीत आणि थेट तिसरे उघडावे. १८५९ साली लंडनमध्ये निघालेले हे पुस्तक लहानसेच आहे. सगळी मिळून पाच प्रकरणे. पहिल्यात मिलचे प्रसिद्ध सूत्र येते: एखाद्याच्या वागण्याने दुसऱ्याला इजा पोचत असेल तरच समाजाने किंवा सरकारने त्याच्यावर सक्ती करावी, केवळ त्याच्या भल्यासाठी म्हणून करू नये. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे पाठ असते आणि वर्तमानपत्री वादांतही ते अजून फिरत असते. सूत्र मोलाचेच आहे, पण ते कुंपण आहे. कुंपणाभोवती कितीही फेऱ्या मारल्या तरी आत काय लावले आहे ते कळत नाही. आतले सगळे तिसऱ्या प्रकरणात आहे. माणसाला मोकळीक हवी तरी कशासाठी, या प्रश्नाला मिलने तिथे दिलेले उत्तर दीडशेहून अधिक वर्षांनंतरही थक्क करते.

उत्तर असे: माणूस म्हणून वाढता यावे, यासाठी. आपण एखादी गोष्ट स्वतः निवडतो तेव्हा नीट पाहावे लागते, पुढचा अंदाज बांधावा लागतो, माहिती गोळा करावी लागते, दोन गोष्टींतला फरक ओळखावा लागतो आणि निर्णय झाल्यावर त्याला चिकटून राहण्याइतका निग्रह लागतो. यांतली एकही शक्ती दुसऱ्याने आपल्यासाठी निवडल्यावर कामाला येत नाही. सगळे करतात म्हणून आपणही केले, तर त्याला अनुकरणाखेरीज काहीच लागत नाही आणि तेवढे माकडालाही जमते. स्नायू वापरल्यानेच बळकट होतात. मनाचे आणि शीलाचेही तसेच आहे, असे मिलचे म्हणणे. स्वातंत्र्याची बाजू त्याच्या आधी पुष्कळांनी मांडली होती. राजाने जुलूम करू नये, धर्मपीठाने छळू नये, हे सांगून झाले होते. पण साधे रोजचे आयुष्य आपल्या मनाने जगणे हीच माणसाच्या घडणीची शाळा आहे, ही गोष्ट इतक्या ठाम शब्दांत क्वचितच कोणी सांगितली असेल.

नवलाची गोष्ट अशी की हे लिहिणाऱ्या माणसाला लहानपणी स्वतःच्या मनाने काहीच निवडू दिलेले नव्हते.

आखून दिलेले बालपण

मिलचा जन्म २० मे १८०६चा, लंडनचा. वडील जेम्स मिल स्कॉटलंडहून आलेले, अत्यंत कडक शिस्तीचे लेखक. जेरेमी बेंथम हे त्यांचे स्नेही आणि गुरू. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख हे बेंथमचे तत्त्व, आणि योग्य शिक्षण दिले तर माणूस हवा तसा घडवता येतो ही जेम्स मिलची श्रद्धा. या श्रद्धेची परीक्षा थोरल्या मुलावर झाली. तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू झाले. वडील चिठ्ठ्यांवर ग्रीक शब्द आणि त्यांचा इंग्रजी अर्थ लिहून देत. ग्रीक-इंग्रजी कोश तेव्हा नव्हता. ग्रीक-लॅटिन होता, पण मुलाला अजून लॅटिन येत नव्हते. म्हणून ज्या टेबलावर वडील लिहीत बसत, त्याच टेबलाशी बसून तो प्रत्येक अडलेला शब्द त्यांनाच विचारी. वडील त्या वेळी ‘ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास’ लिहीत होते. हिंदुस्थानात कधीही पाऊल न ठेवता लिहिलेले ते खंड पुढे कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी अभ्यासले. त्यांची मुद्रिते तपासायला मदत करणारा हा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता.

आठव्या वर्षी लॅटिन सुरू झाले आणि धाकट्या भावंडांना ते शिकवण्याचे कामही अंगावर आले. बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. सकाळी वडिलांबरोबर फिरायला जायचे आणि आदल्या दिवशी वाचलेल्याचा हिशेब चालता चालता द्यायचा. शाळा नाही, सुट्टी नाही, बरोबरीच्या मुलांची संगत नाही. आपण काही वेगळे आहोत हे त्याला ठाऊकही नव्हते. चौदाव्या वर्षी तो फ्रान्सला निघाला, तेव्हा लंडनच्या हाइड पार्कमध्ये वडिलांनी त्याला सांगितले की, तुझ्या वयाच्या मुलांना येत नाही असे पुष्कळ तुला येते, हे आता तुझ्या लक्षात येईल. पण त्याचे श्रेय तुझे नाही, वेळ खर्चून शिकवणारा बाप लाभला त्याचे आहे.

हे सगळे मिलनेच ‘आत्मचरित्रा’त लिहून ठेवले आहे. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८७३ साली, प्रसिद्ध झाले. त्यात वडिलांविषयी कडवटपणा नाही. त्या शिक्षणाने समवयस्कांपेक्षा आपण पंचवीस वर्षे पुढे निघालो, असेही तो सांगतो. तरीही पाने उलटताना मनात एकच विचार येत राहतो: या मुलाने स्वतःसाठी काही मागितले असते, तर काय मागितले असते?

विसाव्या वर्षीचा प्रश्न

उत्तर आत्मचरित्राच्या पाचव्या प्रकरणात मिळते. ‘ऑन लिबर्टी’चे तिसरे प्रकरण वाचले की लगेच हे वाचावे. दोन्ही एकाच माणसाने लिहिली आहेत हे उमगणे, हा मिल वाचण्यातला सर्वांत मोठा आनंद आहे.

१८२६ची शरद. मिल वीस वर्षांचा आहे. कंपनीच्या इंडिया हाऊसमध्ये, वडिलांच्याच खात्यात, तीन वर्षे नोकरी झाली आहे. बेंथमच्या गबाळ कागदांतून कायद्यातील पुराव्यावरचा पाच खंडांचा ग्रंथ त्याने नुकताच जुळवला आहे. जग सुधारायचे, हा आयुष्याचा हेतू आहे. अशात एक दिवस तो स्वतःला विचारतो: समजा, तुला हव्या त्या सगळ्या सुधारणा या क्षणी झाल्या, तर तुला खरोखर आनंद होईल का? आणि आतून उत्तर येते की, नाही. ज्या पायावर आयुष्य उभे होते तोच पाया खचला.

तो हिवाळा त्याने कसाबसा काढला. कचेरीचे काम सवयीने चालू होते. सांगायला कोणी नव्हते. वडिलांना सांगावे, तर हे दुखणे त्यांच्याच शिक्षणातून आलेले. ते त्यांना कळले नसते आणि कळले असते तर फार दुखावले असते. प्रत्येक भावनेचे पृथक्करण करण्याची त्याला सवय लावलेली होती आणि त्या सवयीने भावनाच झिजून गेल्या होत्या. संगीत त्याला आवडे, पण त्यातही एक विचित्र चिंता मनाला लागली: सप्तकात स्वर मोजके, त्यांच्या जुळण्या मोजक्या, त्यांतल्या सुंदर तर आणखी थोड्या, मग एक दिवस नव्या रचना संपून जातील, दुसरा मोझार्ट होणारच नाही! या काळजीने तो खरोखर बेचैन झाला होता. अतिशिक्षित मनाला झालेला हा आजार वाचताना त्या मुलाची कणव दाटून येते.

सुटका एका फ्रेंच लेखकाच्या आठवणींनी झाली. मार्मोंतेल या लेखकाने वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग लिहिला आहे: घरावर आकाश कोसळले आहे आणि लहान मुलाला अचानक वाटते की आपण सगळ्यांना सांभाळू, वडिलांची जागा भरून काढू. ते वाचताना मिलच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्यात अजून भावना जिवंत आहे, आपण दगड झालेलो नाही, हे त्याला कळले आणि ओझे हलके झाले. वडिलांच्या छायेत वाढलेल्या मुलाला नेमका हाच प्रसंग का भिडला असेल, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. पुढे १८२८ साली वर्ड्‌स्वर्थच्या कविता हाती आल्या. डोंगर, पाणी आणि साध्या माणसांची सुखदुःखे सांगणाऱ्या त्या कवितांनी त्याला एक गोष्ट शिकवली: मनाची आतली मशागत हा सुखाचा भाग आहे; जग सुधारायच्या कामात तिला वगळून चालत नाही.

तिसऱ्या प्रकरणात काय आहे

एवढे माहीत झाल्यावर तिसरे प्रकरण पुन्हा उघडले, की तर्काच्या मागे आयुष्य दिसू लागते. मिल तिथे लिहितो की मनुष्यस्वभाव हे एका नमुन्यावरून बनवायचे आणि नेमून दिलेले काम करायचे यंत्र नव्हे. ते झाड आहे, त्याला आतल्या जीवनशक्तीच्या ओढीने सर्व अंगांनी वाढायचे असते. लहानपणी ज्याला यंत्रासारखे घडवले, त्यानेच हे लिहिले आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट या जर्मन विचारवंताचे वचन आहे, तेही माणसाच्या विविधांगी विकासाचे महत्त्व सांगणारे.

या प्रकरणातले दाखले फार बोलके आहेत. सुरुवातीलाच धान्याचा व्यापारी येतो. व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे मत वर्तमानपत्रात छापायची मोकळीक असली पाहिजे. पण तेच मत व्यापाऱ्याच्या दारात जमलेल्या संतप्त जमावापुढे ओरडून सांगितले, तर ते चिथावणी ठरते आणि शिक्षेला पात्र होते. मताला आणि कृतीला एकच माप लावता येत नाही, हे यातून लख्ख दिसते. मग कोट आणि बूट येतात. कोट अंगाला नीट बसायचा तर मापाने शिवावा लागतो, नाहीतर निवडायला भरलेले दुकान लागते. मग आयुष्य काय कोटापेक्षा सोपे आहे, की सगळ्यांना एकाच मापाचे बसावे? चिनी स्त्रियांच्या बांधून लहान ठेवलेल्या पायांचाही दाखला येतो: जे अंग इतरांहून ठळक दिसते तेच समाज आवळून टाकतो.

आणि हे आवळते कोण? इथे मिल त्याच्या काळाच्या पुढे जातो. राजा किंवा पोलीस नव्हे, तर लोकमत. सगळे एकाच प्रकारचे वाचतात, एकाच गोष्टी ऐकतात, एकाच ठिकाणी जातात, आशा आणि भीतीही त्याच. दळणवळण, व्यापार, शिक्षण यांनी माणसे जवळ येतात आणि जवळ येता येता सारखी होतात, असे तो १८५९ साली लिहितो. कायद्याच्या जुलमातून सुटायला वाट असते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर आत्म्यापर्यंत पोचते. आपल्याकडे या सत्तेचे नाव लहान मुलालाही ठाऊक आहे: लोक काय म्हणतील. मिलला तिच्यातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते ती अशी की, माणूस स्वतःच्या आवडीविरुद्ध रूढी निवडतो असेही नाही. रूढ नसलेली आवड त्याला सुचतच नाही.

म्हणून वेगळ्या वाटेने जगणारी माणसे त्याला हवी आहेत. जगण्याचे नाना प्रयोग व्हावेत, कारण कोणते जगणे चांगले हे आधीच कोणाला पुरते ठाऊक नाही. चुकीची मते खोडून निघायला जशी चर्चा लागते, तसे चुकीचे जगणे ओळखायला वेगळे जगून पाहणारे लागतात. प्रतिभावंत नेहमी थोडेच असतात, पण ते उगवायचे तर ती जमीन आधी राखली पाहिजे. आणि एखाद्याने निव्वळ रूढीपुढे मान न तुकवणे, एवढेसुद्धा त्या काळात लोकसेवा ठरते, असे तो मनापासून म्हणतो.

मग मागे, दुसऱ्या प्रकरणाकडे

यानंतर दुसऱ्या प्रकरणाकडे यावे. ते पुस्तकातले सर्वांत लांब आणि युक्तिवादाच्या दृष्टीने सर्वांत भक्कम. विषय विचार आणि चर्चेचे स्वातंत्र्य. युक्तिवादाचा सांगाडा साधा आहे. जे मत आपण दाबतो ते खरे असू शकते; ते खोटेच, असे म्हणणे म्हणजे आपण कधी चुकत नाही असे म्हणणे. ते बहुतांशी खोटे असले तरी त्यात सत्याचा एखादा अंश असू शकतो. आणि आपले मत संपूर्ण खरे असले, तरी त्याला कोणी आव्हान दिले नाही तर ते कारण न समजता धरलेला पूर्वग्रह बनते. पुढे त्याचा अर्थही विरतो आणि वागण्यावर त्याचा काहीच परिणाम उरत नाही. सॉक्रेटिसला मरणाची शिक्षा देणारे लोक दुष्ट नव्हते. येशूला क्रुसावर देणारे त्यांच्या समाजातले प्रतिष्ठित होते. ख्रिस्ती लोकांचा छळ ज्याच्या राज्यात झाला, तो मार्कस ऑरेलियस तर आपल्या काळातला सर्वांत सुज्ञ सम्राट. चांगली माणसेही इतकी चुकतात, मग आपण कोण?

या प्रकरणातली एक सूचना प्रत्येक वाचकाने आयुष्यभर जपावी अशी आहे. रोमन वक्ता सिसेरो प्रतिपक्षाची बाजू आपल्या बाजूइतकीच, किंबहुना जास्त, अभ्यासायचा. ज्याला फक्त आपली बाजू माहीत आहे त्याला तीही पुरती माहीत नसते, असे मिलचे सांगणे आहे. विरोधी मत ऐकायचे तर ते मनापासून मानणाऱ्याच्याच तोंडून ऐकावे, आपल्या शिक्षकाने करून दिलेल्या सारांशातून नव्हे. तिसरे प्रकरण आधी वाचले असले, की या सगळ्याचे मूळ दिसते: विचार करणे हीसुद्धा एक निवड आहे आणि ती करता करताच माणूस वाढतो.

अकबराचे नाव आणि आगरकरांचे वाचन

आता पहिल्या प्रकरणाकडे जायला हरकत नाही. सूत्र आता अर्थपूर्ण वाटेल. पण मराठी वाचकाला इथे एक परिच्छेद अडखळवणार आहे आणि तो वगळू नये. हे तत्त्व लहान मुलांना लागू नाही, असे सांगून मिल पुढे म्हणतो की जे समाज अजून मागासलेल्या अवस्थेत आहेत त्यांनाही ते लागू नाही. त्यांच्यासाठी एखादा अकबर किंवा शार्लमेन मिळाला, तर त्याची निमूट आज्ञा पाळणे एवढेच शक्य आहे. हे लिहिणारा माणूस पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता. हिंदुस्थानातल्या संस्थानांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे त्याच्या लेखणीतून जात. १८५७च्या उठावानंतर कंपनीची सत्ता काढून घेतली जाऊ लागली, तेव्हा तिचा बचाव करणारे निवेदन त्यानेच तयार केले आणि १८५८ साली तो निवृत्त झाला. व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा मोठा कैवारी आपल्या आजोबा-पणजोबांना त्या वर्तुळाबाहेर ठेवतो. हे वाचून राग आला पाहिजे. मिलच्याच तर्काने त्याला उत्तर देता येते: कोण तयार आहे आणि कोण नाही, हे ठरवणारा कधी चुकत नाही असे कोणी सांगितले?

हे उत्तर पुण्यात दिले गेले. गोपाळ गणेश आगरकर हे मिल आणि स्पेन्सर यांचे निष्ठावान वाचक. डेक्कन कॉलेजच्या दिवसांपासून हे दोघे त्यांच्या विचारांचा आधार झाले. मिलने ज्या समाजांना बाहेर ठेवले त्यांतल्या एका तरुणाने ते पुस्तक आपल्यासाठीच लिहिलेले मानले आणि आपल्याच समाजाच्या रूढींवर रोखून धरले. १८८८ साली ‘केसरी’पासून वेगळे होऊन त्यांनी ‘सुधारक’ काढला. बालविवाह, विधवांचे केशवपन, सोवळेओवळे यांवर त्यांनी लिहिलेच, पण स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत असा स्वतंत्र लेखही लिहिला. अंगावरच्या कपड्यातसुद्धा व्यक्तीच्या निवडीचा प्रश्न असतो, हे त्यांनी ओळखले होते. ‘गुलामांचे राष्ट्र’ या त्यांच्या निबंधाचे नावच पुरेसे बोलके आहे. लोकमताच्या जुलमाविषयी मिलने लिहिले. आगरकरांनी तो सोसला. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा पुण्यात निघाली. १८९५ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले. मिलनंतर आगरकरांचे निबंध हाती घ्यावेत. तिसऱ्या प्रकरणाचा मराठीतला सर्वांत धीट वाचक तिथे भेटतो.

शेवटची दोन प्रकरणे

चौथे आणि पाचवे प्रकरण म्हणजे सूत्राची कसोटी. दुसऱ्याच्या आयुष्यात ढवळाढवळ करू नका, याचा अर्थ एकमेकांची पर्वा करू नका असा नाही, हे मिल चौथ्याच्या सुरुवातीलाच बजावतो. समजवा, सल्ला द्या, आग्रह करा, नापसंती दाखवा. सक्ती तेवढी करू नका. व्यक्तिवाद म्हणजे आप्पलपोटेपणा, असे ज्यांना वाटते त्यांनी ही पाने जरूर पाहावीत. इथेच एका तळटीपेत मुंबईचे पारशी भेटतात. पश्चिम हिंदुस्थानात आले तेव्हा हिंदू राजांनी गोमांस न खाण्याच्या अटीवर त्यांना थारा दिला. पुढे मुसलमान राज्यकर्त्यांनी डुकराचे मांस न खाण्याची अट घातली. धर्माने दोन्हींपैकी कशालाच मनाई नसताना पारशी दोन्ही टाळू लागले, असे मिल नोंदवतो. बाहेरून आलेला हुकूम कालांतराने स्वभाव कसा होतो, याचा याहून सुबक नमुना सापडणे कठीण.

पाचव्यात अवघड प्रश्न येतात. एक माणूस मोडकळीस आलेल्या पुलावर पाय ठेवणार आहे आणि त्याला ते माहीत नाही; सांगायला वेळही नाही. त्याला धरून मागे ओढले तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला होत नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छा नसते. पण वेळ असेल आणि धोका नक्की नसेल, तर सावध करावे आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. विष विकणाऱ्याने बाटलीवर धोक्याची चिठ्ठी लावावी. विकत घेणाऱ्याच्या माहितीत भर पडते, निवड त्याचीच राहते. स्वतःला गुलाम म्हणून विकण्याची मोकळीक मात्र नाही, कारण त्या एका निवडीने पुढच्या सगळ्या निवडी संपतात. मुलांना शिक्षण मिळेल याची सक्ती सरकारने पालकांवर करावी, पण सगळे शिक्षण स्वतःच्या हाती घेऊ नये, नाहीतर सगळी मुले एका साच्यातली निघतील. प्रत्येक उत्तर पटेलच असे नाही. वाचकाने इथे थांबून स्वतः निवाडा करावा, हेच या प्रकरणाचे प्रयोजन आहे.

मिलची वाक्ये लांब आहेत, अटी आणि अपवाद बरोबर घेऊन चालणारी. घाईने वाचले तर ती पेलत नाहीत. मोठ्याने वाचली तर उलगडतात. ‘सिस्टिम ऑफ लॉजिक’ आणि ‘प्रिन्सिपल्स ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ हे त्याचे जाडजूड ग्रंथ नंतर कधीतरी. ‘युटिलिटेरियनिझम’ हा छोटा ग्रंथ दुसऱ्या फेरीसाठी.

दोघांचे पुस्तक आणि पुढची पायरी

एक आश्चर्य अजून सांगायचे आहे. व्यक्तीच्या वेगळेपणाची एवढी जोरदार बाजू मांडणारे हे पुस्तक एकट्याचे नाही. हॅरिएट टेलर मिलला १८३०च्या सुमारास भेटली तेव्हा ती विवाहित होती. वीस वर्षे त्यांची मैत्री लोकांच्या कुजबुजीचा विषय झाली. तिचे पती वारल्यावर, १८५१ साली, दोघांनी लग्न केले. त्या वेळी मिलने लेखी निवेदन करून ठेवले की, कायदा नवऱ्याला बायकोवर जे अधिकार देतो ते मला मान्य नाहीत आणि मी ते कधी वापरणार नाही. ‘ऑन लिबर्टी’तले प्रत्येक वाक्य दोघांनी मिळून पुन्हा पुन्हा तपासले होते, असे मिल सांगतो. शेवटचा हात फिरवायच्या आधीच, नोव्हेंबर १८५८मध्ये, हॅरिएट फ्रान्समध्ये आव्हिन्यो इथे वारली. मिलने पुस्तक तिला अर्पण केले आणि त्यात पुढे कधीही बदल केला नाही. तिच्या विचारांचा वाटा किती, यावर आजही वाद होतात. पण लोकमताचा जुलूम हा या पुस्तकाचा विषय का झाला, हे त्या वीस वर्षांकडे पाहिले की समजते.

म्हणून ‘ऑन लिबर्टी’नंतरचे पुस्तक ‘द सब्जेक्शन ऑफ विमेन’ असावे. ते १८६९ साली निघाले. त्यातला मुख्य प्रश्न तिसऱ्या प्रकरणातूनच येतो: स्त्रीचा स्वभाव कसा असतो हे कोणाला ठाऊक आहे? तिला आजवर स्वतःच्या मनाने वाढूच दिलेले नाही. जे दिसते ते बळेच वळवून तयार केलेले आहे. त्याआधी दोन वर्षे, पार्लमेंटचा सभासद असताना, मिलने मताधिकाराच्या विधेयकाला दुरुस्ती सुचवली होती: मताचा अधिकार फक्त पुरुषाला न देता व्यक्तीला द्यावा. तारीख २० मे १८६७, त्याचा एकसष्टावा वाढदिवस. दुरुस्ती १९६ विरुद्ध ७३ मतांनी पडली. ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ साल उजाडले.

तिसऱ्या प्रकरणात प्रतिभावंतांचा इतका गौरव आहे की, मिलला मूठभर असामान्यांचीच काळजी होती असा समज सहज होतो. ‘सब्जेक्शन ऑफ विमेन’ तो समज पुसून टाकते. आयुष्य आपल्या मापाने बेतण्याचा हक्क तो घरोघरच्या बाईसाठी मागत होता, आणि त्यासाठी सभागृहात हरायची त्याची तयारी होती.